काजळी धरलेली समई: खोलणं, घासणं आणि घरच्या कापसाची वात

गावचं घर आवरलं की भांड्यांची वाटणी होते आणि कुणाच्या तरी वाट्याला समई येते. ठाण्यात आल्यावर ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली तशीच माळ्यावर चढते. मग एखाद्या आषाढ अमावस्येला, म्हणजे दिव्यांच्या अमावस्येला, ती खाली काढली जाते, वरवर पुसली जाते, वात-तेल घालून लावली जाते. अर्ध्या तासात धूर, पाऊण तासात अंधार.

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक नवं जोडपं राहायला आलं. त्यांचं अगदी असंच झालं. तो मुलगा समई हातात घेऊनच वर आला. "काकू, तीन प्रकारची तेलं बदलून झाली. काही फरक नाही." मी समई उजेडात धरली. तेल उत्तम तिळाचं होतं. पण पाचही चोचींत जुन्या तेलाचा तपकिरी थर गोंदासारखा घट्ट बसला होता, आणि वात विकतची, सुतळीसारखी पिळून कडक केलेली. असल्या पाणी लागल्यासारख्या रडणाऱ्या समया मी आजवर पुष्कळ पाहिल्या. दोष तेलाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो वातीत असतो, नाहीतर चोचीत. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी आयुष्यात कधी वात वळलेली नाही, त्यांच्यासाठीच.

आधी एवढं समजून घ्या की जळतं ते तेल. कापसाचं काम तेल वर आणण्याचं. कापसाच्या तंतूंच्या मधल्या बारीक फटींतून तेल आपोआप चढतं, शाळेत ज्याला केशाकर्षण म्हणायचे तेच. टोकाशी उष्णतेनं त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. तेल येत राहतं तोवर टोक ओलं आणि त्यामानानं थंड राहतं, म्हणून कापूस फार हळू जळतो. फटी बुजल्या किंवा वात दाबली गेली की तेल पोचत नाही, आणि मग कापूस स्वतःच जळायला लागतो. काळी टोपी, धूर, मंद ज्योत हे सगळं तिथून सुरू होतं.

खोलणं

समईचे बहुतेक करून चार भाग असतात: खालची बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि वरचा मोर, हंस किंवा कळस. हे आट्यांवर बसवलेले असतात. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरा, उरलेलं तेल एका वाटीत काढा, आणि वरून खाली या क्रमानं एकेक भाग फिरवून सोडवा. कुठला भाग कुठे बसतो याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. जुन्या समयांचे दांडे दोन-तीन तुकड्यांचे असतात आणि ते उलटेही बसतात, पण मग समई कलते.

आटे अडकले तर पकड लावू नका. पितळ मऊ असतं, पकडीचे दात कायमचे उमटतात. सांध्यावर बाहेरच्या भागावर कडकडीत पाणी ओता. बाहेरचं पितळ तापून किंचित प्रसरण पावतं, गोठलेलं तेलही सैल होतं. मग जाड फडक्यात धरून फिरवा. नाहीच सुटलं तर सांध्यावर खोबरेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा गरम पाणी.

इथे एक गोष्ट नीट बघा. पुष्कळ जुन्या समयांत आटे सैल झाले म्हणून कुणीतरी सांध्यावर सूत गुंडाळलेलं असतं. ते काढून टाका. ते सूतही शेवटी कापूसच, त्यामुळे वाटीतलं तेल ते वातीसारखं शोषून दांड्यावरून खाली उतरवत राहतं. आमच्या घरची समई कितीतरी वर्षं तबकात तेल गाळायची. सासूबाई खाली केळीचं पान ठेवायच्या आणि त्या समईचा तो स्वभावच आहे असं आम्ही धरून चाललो होतो. एका गणपतीत ते तेल पाटावरून लादीवर आलं आणि माझी जाऊ आरतीचं ताट हातात असताना घसरली. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. त्यानंतर मी समई पहिल्यांदा पूर्ण खोलली, तेव्हा आट्यांत काळं पडलेलं सूत सापडलं. सैल आट्यांना मधमाशीचं मेण चोळा, किंवा नळ बसवताना प्लंबर जी पांढरी टेप गुंडाळतात तिचे दोन वेढे द्या. तेल थांबतं.

आधी तेल, मग डाग

समई घासताना बहुतेकांचा क्रम चुकतो. थेट चिंच किंवा लिंबू घेऊन बसतात आणि हात दुखेपर्यंत घासतात. चिंचेतलं आम्ल धातूवरचा काळपट थर काढतं, तेलाला ते काही करत नाही. वर चिकट तेल असेल तर आम्ल पितळापर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी तेल घालवायचं.

भांड्यांवर दोन मुठी तांदळाचं पीठ किंवा बेसन टाका आणि कोरड्या फडक्यानं चोळा. ओशटपणा पीठ ओढून घेतं. ते पीठ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, मोरीत सोडू नका. सोसायटीच्या पाइपात तेल-पीठ बसलं की पुढे काय होतं ते सांगायला नको. मग बादलीत हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी घ्या, लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला, आणि सगळे भाग वीस मिनिटं बुडवून ठेवा. सोड्यानं हात रखरखतात, मोजे घाला. घरात रिठे असतील तर ते उकळून त्याच पाण्यात घाला, काम सोपं होतं.

जुनं तेल हवेशी संयोग होऊन घट्ट होतं, जवळजवळ वॉर्निशसारखं. एका बुडवण्यात ते जाईलच असं नाही. दुसऱ्यांदा ताजं गरम पाणी घ्या. चोचींच्या आतला थर बांबूच्या काडीनं किंवा आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं खरवडा, मग जुना टूथब्रश. सुरी, तारेची घासणी, स्क्रू-ड्रायव्हर यांतलं काही चोचीत घालू नका. ओरखड्यात पुढच्या वेळी काजळी आणखी घट्ट बसते. या टप्प्यावर कंटाळू नका, कारण समई नीट तेवते की नाही हे निम्मं इथे ठरतं. चोचीत बोट फिरवल्यावर पितळ गुळगुळीत लागलं पाहिजे.

आता चिंच. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळून त्यात चमचाभर मीठ घाला आणि मऊ फडक्यानं घासा. तीन-चार मिनिटांत पितळ उघडं पडतं, लगेच धुवा. कोळ लावून समई तासभर ठेवण्याची काही घरांत सवय आहे, ती सोडा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल जास्त वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि तांबूस-गुलाबी चट्टे उरतात, ते मग पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. चिंचेऐवजी पितांबरी वापरलीत तरी चालेल, ठाण्यातल्याच कंपनीची ती पावडर इथल्या प्रत्येक घरात असतेच. ओल्या फडक्यावर थोडीशी घ्यायची आणि नक्षीच्या दिशेनं घासायचं. शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यातून सगळे भाग काढा, म्हणजे राहिलेलं आम्ल मरतं आणि समई दोन दिवसांत पुन्हा काळवंडत नाही.

दुकानातून नवी आणलेली, आरशासारखी चमकणारी समई असेल तर तिच्यावर बहुधा पारदर्शक लॅकरचा थर असतो. तिला चिंच किंवा पावडर लावू नका, कोमट साबणाचं पाणी पुरे. चांदीचा मुलामा दिलेल्या निरांजनालाही हेच.

आणि वाळवणं. पावसाळ्यात, खाडीच्या दमट हवेत, पुसलेली समई कोरडी वाटते पण आट्यांत पाणी राहतं. ते तेलात उतरलं की दिवा चटचट उडतो, कारण पाणी शंभर अंशांना उकळून वाफ होतं आणि तेलाचे थेंब उडवतं. भाग सुटे ठेवूनच पंख्याखाली दोन-तीन तास राहू द्या. ऊन असेल तर गॅलरीत ठेवा. घाई असेल तर केसांचा ड्रायर.

कापूस कुठला

जांभळी नाक्यावर पूजेच्या सामानाच्या दुकानांत तयार वाती मिळतात, वस्त्रमाळा मिळतात, कधीकधी देवकापसाची बोंडंही. देवकापसाचं झाड कोकणात अंगणात, विहिरीच्या कडेला लावतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या वातीसारखी वात नाही. पण त्यातली सरकी बोटांनी काढावी लागते, कापूस पिंजावा लागतो, त्याला सवय हवी. नवख्यानं औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळलेला कापसाचा गुंडा घ्यावा. तो स्वच्छ असतो, मुख्य म्हणजे थराथरांचा असतो, हवा तेवढा पदर सुटा करता येतो.

उशीतला, खेळण्यातला, रजईतला 'कापूस' घेऊ नका. तो बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतो. शंका आली तर चिमूटभर चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. खरा कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि हलकी राख उरते, ती बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. तयार वातींचं पुडकं आणलं तर त्यातलीही एक वात अशी पेटवून बघा.

वात वळणं

समईला लागते ती लांब तेलवात. फुलवात ही निरांजनातल्या तुपासाठी: सुपारीएवढा कापूस गोल पसरायचा, कडा वर घेऊन दुधाचं बोट लावून मधे टोक काढायचं, झालं. तेलवातीला थोडा सराव लागतो.

गुंड्यातून वीतभर लांब आणि तीन बोटं रुंद असा पातळ पदर सोडवा, इतका पातळ की मागचा हात दिसावा. आता दोन्ही टोकं धरून लांबीच्या दिशेनं हलकेच ओढा, तुटेल इतकं नाही. याने तंतू एका दिशेला लागतात. आडवेतिडवे तंतू असले की तेलाच्या वाटा मधेच तुटतात. ही एक पायरी विकतच्या वातीत बहुतेक वेळा झालेली नसते.

पदर पाटावर किंवा मांडीवरच्या फडक्यावर ठेवा. तळहाताला चिमूटभर भस्म लावा, नाहीतर हात घामट असला की कापूस हाताला चिकटतो, वळला जात नाही. तळहात एका कडेवर ठेवून पुढे सरकवा, एकाच दिशेला, पुढेमागे नको. दोन-तीन फिरक्यांत दोरा तयार होतो. काडेपेटीच्या काडीपेक्षा थोडा जाड झाला की थांबा.

किती घट्ट, हा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर हातालाच कळतं. वात दोन बोटांत दाबली तर दबली पाहिजे आणि सोडल्यावर थोडी फुगली पाहिजे. दाबूनही दबत नसेल तर फार घट्ट: तेल चढणार नाही, ज्योत टीचभर राहून काजळी धरेल. उचलल्यावर मधे लोंबत असेल, तंतू सुटत असतील तर फार सैल: भराभर जळेल, मोठी ज्योत आणि धूर. खात्री हवी असेल तर वातीचं एक टोक तेलाच्या वाटीत टाकून बाकीची काठावर लटकवा. पाच-एक मिनिटांत तेल बोटभर चढलेलं दिसलं पाहिजे. पहिल्या दहा वाती फुकट जातील असं धरून चाला. माझ्या सासूबाई मला वाती वळायला बसवायच्या आणि उलगडून पुन्हा करायला लावायच्या, तेव्हा वाईट वाटायचं. आता हाताला जे कळतं ते त्यामुळेच.

दोन वाती शेजारी ठेवून हलकेच एकत्र फिरवल्या की जोडवात. समईत मी नेहमी जोडवातच घालते. घरोघरी तिची कारणं वेगवेगळी सांगतात, पण एक फायदा उघड आहे: दोन वातींच्या मधल्या खाचेतूनही तेल वर येतं. एक वात एवढ्या जाडीची केली तर मधलं अंग घट्ट होतं, तेल अडतं.

वळलेल्या वाती स्टीलच्या कोरड्या डब्यात ठेवा. कापूस हवेतला ओलावा धरतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात उघड्या ठेवलेल्या वाती ओलसर होतातच. तशी वात लावली की चटचटते. लावायच्या आधी तवा मंद तापवून त्याच्या शेजारी, तव्यावर नव्हे, थोडा वेळ ठेवल्या तरी पुरतं.

लावणं

वाटी पाऊण भरा, तेल चोचीच्या ओठाच्या खाली राहिलं पाहिजे. मी तिळाचं वापरते. शेंगदाण्याचं चालतं. खोबरेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडेही ते वाटीत पांढरं दिसतं. तेव्हा ते वातीत चढत नाही. एरंडेल सावकाश आणि शांत जळतं पण दाट असतं, म्हणून एकटं न घालता तिळाच्या तेलात चौथा हिस्सा मिसळा. रॉकेल कधीही नाही, एक थेंबही नाही. रॉकेल चाळीस अंशांच्या आसपासच पेटणारी वाफ सोडायला लागतं, खाण्याच्या तेलाला त्यासाठी तीनशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. समईची वाटी उघडी असते, हे विसरू नका.

वात आधी पूर्ण तेलात भिजवा, बोटांत हलकी निथळा, मग चोचीत बसवा. टोक चोचीबाहेर ज्वारीच्या दाण्याएवढंच, चार-पाच मिलिमीटर. बाकीची वात वाटीत सैल वळसा घालून बुडालेली हवी. वात चोचीत कोंबावी लागत असेल तर ती जाड आहे, दुसरी घ्या. पाच मिनिटं थांबा आणि मगच लावा. एका चोचीवरून दुसरी पेटवण्याऐवजी काडवात, म्हणजे काडीला गुंडाळलेली वात, घ्या. त्यामागे रीत आहे, आणि समई तिरकी करावी लागत नाही हा फायदाही.

पंखा बंद. घोडबंदर रोडच्या वरच्या मजल्यांवर येऊरकडून वारं येतं, तिथे खिडकीच्या रेषेतून समई बाजूला घ्या. खाली परात ठेवा, पडद्यापासून दोन हात लांब, आणि घरात कुणी नसताना समई तेवती ठेवू नका.

तासाभरानं वातीकडे बघा. टोकावर काळी गाठ धरली असेल तर ओल्या उदबत्तीच्या काडीनं ती झाडून पाण्याच्या वाटीत पाडा आणि वात किंचित पुढे सारा. ज्योत उंच आणि धुराची असेल तर वात बाहेर जास्त आहे, मागे ओढा. जेवढ्या वाफेला हवा पुरते तेवढीच स्वच्छ जळते, बाकीची काजळी होऊन छताला लागते. ज्योत बुटकी होत गेली आणि तेल भरपूर आहे, तर वात घट्ट आहे. ती बदला, तेल बदलू नका. तेल हिरवट दिसलं तर ते काढून टाका. तेलातली आम्लं पितळातलं तांबं विरघळवतात, म्हणून तो रंग येतो, आणि म्हणूनच दिवसेंदिवस वाटीत तेल तसंच ठेवू नये.

तेल घालताना ज्योतीवरून नव्हे, वाटीच्या मधल्या बाजूनं पळीनं बारीक धार धरा. तेल अगदी तळाला गेलं आणि वात घसरून आत पडली की कधीकधी सगळी वाटीच पेट घेते. अशा वेळी पाणी मारू नका, पेटतं तेल उडतं. स्टीलचं पातेलं किंवा मोठी ताटली उपडी घाला, हवा तुटली की आग जाते. मी समईजवळ एक पातेलं कायम ठेवते. पूजेच्या मांडणीत ते बरं दिसत नाही असं मला दोनदा सांगून झालं आहे, तरी ठेवते.

नवरात्रात अखंड दिवा ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन की वात हातभर लांब करा, वाटीत वेटोळं घालून ठेवा आणि लागेल तशी पुढे सारत जा. शेजारी एक छोटं निरांजन त्याच ज्योतीनं लावून ठेवलं, की समईतली काजळी निर्धास्तपणे झाडता येते. काही चुकलं तर ज्योत निरांजनातून परत घेता येते.

दिवा मालवताना फुंकर मारू नका, रीत म्हणूनही आणि तेल उडतं म्हणूनही. काडीनं वातीचं टोक मागे ओढून तेलात बुडवा, ज्योत आवाज न करता शांत होते. समई कोमट असतानाच चोची मऊ कागदानं पुसून घ्या. थंड झाल्यावर जो थर अर्धा तास घासावा लागतो, तो तेव्हा एका हातानं निघतो. उरलेल्या वातींचे न जळलेले तुकडे टाकू नका, तेलात भिजलेले असतात, उद्याच्या काडवातीला तेच कामी येतात.